गाव सोडलेल्यांचा इतिहास : जेकब लॉरेन्सची साठ चित्रे

१

गाव सोडून गेलेल्या माणसांचा इतिहास कोण लिहितो? सरकार खानेसुमारीत त्यांची डोकी मोजते. जमीनमालक कमी पडलेले हात मोजतो. शहरातला कारखानदार हजेरीपटावर त्यांचा नंबर टाकतो. पण ज्यांनी रातोरात बोचके बांधले, म्हातारी माणसे मागे ठेवली आणि कधी न पाहिलेल्या शहराची वाट धरली, त्यांना कोणी विचारीत नाही की बाबांनो, तुम्ही का निघालात?

चाळीस वर्षे मी इतिहास शिकवला. तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, कारण तो सुलतान होता. महारवाड्यातून उठून परळ-भायखळ्याला आलेल्या माणसाने आपल्या साऱ्या कुळाची राजधानी हलवली, ही गोष्ट कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. प्रस्थापितांचा इतिहास स्थलांतराकडे लोंढा म्हणून पाहतो. लोंढ्याला विचार नसतो, कारण नसते, तोंड नसते. माणसाला ते असते. म्हणून स्थलांतराचा इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न आपल्या अस्मितेच्या मुळाशी जाऊन भिडतो.

निघालेल्यांच्याच पोराने हा इतिहास लिहिला, आणि तोही रंगांत लिहिला, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत आहे. जेकब लॉरेन्स हे त्या चित्रकाराचे नाव. अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. मात्र त्यांच्या कवी-कादंबरीकारांची आपण जेवढी दखल घेतली तेवढी चित्रकारांची घेतली नाही. शिकणे ज्यांना नाकारले गेले होते त्यांनी आधी शब्द हस्तगत केला. चित्राकडे वळायला सवड कुठे होती? आता ती काढली पाहिजे, असे मला वाटते.

२

लॉरेन्सची चित्रे कळण्यासाठी आधी ते स्थलांतर समजून घेतले पाहिजे.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. परंतु दक्षिणेकडील राज्यांत जमीन पूर्वीच्या मालकांकडेच राहिली. मुक्त झालेला गुलाम त्याच जमिनीवर वाटेकरी म्हणून राबू लागला. बियाणे, अवजारे, पीठमीठ सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यायचे. हंगाम संपला की हिशेब मालकाच्या वहीत. त्या वहीत काळा माणूस बहुधा देणेकरीच निघे. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला मान्यता दिली आणि रेल्वेचा डबा, शाळा, पाण्याचा नळ, दवाखाना, सगळीकडे भिंत उभी राहिली. मताचा अधिकार कागदावर होता. कर, परीक्षा आणि बंदूक यांच्या जोरावर तो हिरावला जाई. आणि या सगळ्यांवर पहारा होता तो लिंचिंगचा. झुंडीने माणूस धरायचा, झाडाला टांगायचा. अशा हत्यांची छायाचित्रे काढून त्यांची पोस्टकार्डे विकली जात. यावरून त्या समाजाला त्याची लाज किती वाटत होती हे कळून येते.

१९०० च्या सुमारास अमेरिकेतील दर दहा काळ्या माणसांपैकी सुमारे नऊ दक्षिणेत राहत होते. मग दोन-तीन गोष्टी एकदम घडल्या. कापसाचे बोंड पोखरणारा सोंडकिडा टेक्सासकडून पसरत गेला आणि त्याने पीक बुडवले. पुरांनी शेते धुऊन नेली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, युरोपातून येणारा मजूर थांबला आणि उत्तरेतील पोलाद कारखान्यांना, खाटिकखान्यांना, रेल्वेला माणसे कमी पडू लागली. कारखानदारांचे दलाल दक्षिणेत फिरू लागले. रॉबर्ट अॅबट यांनी १९०५ मध्ये शिकागोत काढलेले ‘शिकागो डिफेंडर’ हे काळ्या माणसांचे वृत्तपत्र रेल्वेतील काळे हमाल गुपचूप गावोगाव पोचवीत. एकाने वाचायचे, दहांनी ऐकायचे. त्यात लिंचिंगच्या बातम्या असत आणि उत्तरेतील नोकऱ्यांच्या जाहिरातीही असत. १९१६ पासून हा प्रवाह वाढला. १९७० पर्यंत सुमारे ६० लाख माणसांनी दक्षिण सोडली.

हे आकडे मोठे आहेत. पण कुठलाही आकडा घर सोडीत नाही. घर माणूस सोडतो.

३

लॉरेन्स या स्थलांतराच्या पोटीच जन्मला. आई व्हर्जिनियाची, वडील साऊथ कॅरोलिनाचे. दोघेही उत्तरेकडे निघालेले. ७ सप्टेंबर १९१७ रोजी न्यू जर्सीतील अटलांटिक सिटी येथे त्याचा जन्म झाला. पुढे आईवडील विभक्त झाले. आईने मुलांना फिलाडेल्फियात दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला ठेवले आणि ती न्यूयॉर्कला कामासाठी गेली. लोकांच्या घरची धुणीभांडी करून पोट भरणारी ती बाई. १९३० मध्ये तिने मुलांना हार्लेमला आणले तेव्हा जेकब तेरा वर्षांचा होता. म्हणजे ‘आपले घर कोणते’ हा प्रश्न त्याच्यापुढे तत्त्वज्ञानातून आला नाही. बिऱ्हाड बदलता बदलता आला.

मुलगा वाईट संगतीला लागू नये म्हणून आईने त्याला शाळा सुटल्यावर चालणाऱ्या एका कलावर्गात घातले. तिथे चार्ल्स ऑलस्टन हे काळे चित्रकार शिकवीत. पुढे मंदीत आईचे काम सुटले, मुलाने शाळा सोडली, लाँड्रीत आणि छापखान्यात काम केले. पण चित्र सोडले नाही. ऑगस्टा सॅव्हेज ही शिल्पकार बाई हार्लेममध्ये मुलांना कला शिकवीत असे. तिने या पोराला सरकारी कलाप्रकल्पाच्या कचेरीत नेले. वय कमी म्हणून त्यांनी परत पाठवले. एकविसावे वर्ष लागताच तिने त्याला पुन्हा तिथे उभे केले. १९३८ मध्ये त्याला आठवड्याला सुमारे चोवीस डॉलरचे काम मिळाले. चित्रे काढण्याचा पगार! मंदीने पिचलेल्या हार्लेममध्ये ही गोष्ट साधी नव्हती.

प्रतिभा आकाशातून पडते असे मानणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात घ्यावा. आई, ऑलस्टन, सॅव्हेज, सरकारी योजना, आणि याशिवाय १३५ व्या रस्त्यावरचे ग्रंथालय. लॉरेन्स घडला तो एका समाजाच्या ओंजळीत.

या ग्रंथालयाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. आर्थर शोमबर्ग हा पोर्तो रिकोत जन्मलेला काळा माणूस. तुमच्या लोकांना इतिहासच नाही, असे शाळेतल्या शिक्षकाने त्याला सांगितल्याची गोष्ट सांगतात. शोमबर्गने उत्तर म्हणून आयुष्यभर पुस्तके, हस्तलिखिते, पत्रके, चित्रे जमवली. १९२६ मध्ये कार्नेगी संस्थेने दिलेल्या दहा हजार डॉलरांतून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने हा संग्रह घेतला आणि तो हार्लेममध्येच, १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला. शाळा सोडलेला जेकब तिथे जाऊन बसू लागला. हैतीत गुलामांचे राज्य उभारण्याचा लढा लढणारा तूसाँ लूव्हेर्त्यूर, गुलामगिरीतून पळून जाऊन तिच्याविरुद्ध बोलणारा फ्रेडरिक डग्लस, शेकडो मैल चालून इतरांना सोडवणारी हॅरिएट टबमन या माणसांची भेट त्याला तिथे झाली. एका चित्रात हे आयुष्य मावणार नाही, असे वाटून त्याने तूसाँवर ४१ चित्रांची मालिका केली, मग डग्लसवर ३२, टबमनवर ३१. वय वर्षे वीस ते तेवीस.

प्रत्येक मालिकेचा नायक वा नायिका एक व्यक्ती होती. त्यानंतर त्याने जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. नायकच नसलेला इतिहास त्याने हाती घेतला.

४

१९४० मध्ये त्याला रोझेनवाल्ड फंडाची दीड हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. १२५ व्या रस्त्यावर त्याने महिना आठ डॉलर भाड्याची खोली घेतली. आधी कित्येक महिने ग्रंथालयात वाचन आणि टिपणे. मग बारा बाय अठरा इंचांचे साठ लाकडी फलक. त्यांवर पांढरा लेप देण्याचे, चित्रांखालची वाक्ये नीट करण्याचे काम ग्वेंडोलिन नाइट हिने त्याच्यासोबत केले. तीही चित्रकार, बार्बाडोस बेटावरून सात वर्षांची असताना अमेरिकेत आलेली, म्हणजे तीही स्थलांतरितच. १९४१ च्या जुलैत दोघांनी लग्न केले.

रंगवण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. साठही फलक त्याने एकदम मांडले. एक रंग कालवायचा आणि जिथे जिथे तो लागेल त्या सगळ्या फलकांवर लावायचा. आधी काळा, मग गडद, मग फिके. त्यामुळे पहिल्या फलकातील पिवळा आणि साठाव्यातील पिवळा एकच. साठ चित्रे मिळून एक चित्र होते, ते अशा साध्या, मजुराच्या शिस्तीने केलेल्या कामामुळे. प्रत्येक चित्राखाली एकदोन वाक्ये, तीही तारेतल्या मजकुरासारखी तुटक. रडारड नाही, विशेषणे नाहीत.

५

पहिल्या फलकात स्टेशनवर गर्दी आहे. तीन दरवाजे, त्यांवर तीन शहरांची नावे : शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस. माणसांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. टोप्या, कोट, पिशव्या, आणि पुढे झुकलेली शरीरे. चेहरे का नाहीत? काही टीकाकारांना हा केवळ आधुनिक शैलीचा भाग वाटतो. मला त्यात इतिहासाची एक भूमिका दिसते. चेहरा दाखवला की आपण त्या एकाची कीव करतो. लॉरेन्स कीव करू देत नाही. तो आपल्याला निघण्याचा निर्णय पाहायला लावतो.

मग तो कारणे मांडत जातो. ती मांडणी एखाद्या फिर्यादीसारखी आहे. किडीने खाल्लेला कापूस. पुराखाली गेलेली जमीन. युद्धामुळे दुप्पट झालेले धान्याचे भाव. मांसाचा तुकडा कापणारी आई आणि टेबलाच्या कडेशी उभे राहून पाहणारे मूल. कोर्टात उंचावर बसलेला गोरा न्यायाधीश आणि खाली दोन काळी माणसे. शाळेऐवजी शेतात राबणारी मुले. हातकड्या घातलेले, पाठमोरे तीन पुरुष.

पंधराव्या फलकात लिंचिंग आहे. पण त्यात प्रेत नाही. एक निष्पर्ण फांदी, तिला लोंबणारा रिकामा फास, आणि खाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक आकृती. पुढच्या फलकात टेबलावर डोके टेकलेली एकटी बाई. ज्या देशात प्रेतांची पोस्टकार्डे विकली जात होती त्या देशात प्रेत न काढणे, हा या चित्रकाराचा नकार आहे. आपल्याकडेही हा प्रश्न आहे. २००६ मध्ये खैरलांजी घडले तेव्हा मृतदेहांची छायाचित्रे हातोहाती फिरली. पुरावा म्हणून ती लागतातच. परंतु पुरावा आणि प्रदर्शन यांत फरक आहे. मेलेल्या माणसाची विटंबना दुसऱ्यांदा न करता अत्याचार कसा दाखवावा, हे लॉरेन्सने पंचवीस वर्षांच्या आत ओळखले होते.

एकोणिसावा फलक पाहताना आपल्या वाचकाला महाड आठवल्याशिवाय राहणार नाही. मधून नदी वाहते आहे. एका बाजूला गोरी आई आणि मूल, दुसऱ्या बाजूला काळी आई आणि मूल. दोघींसाठी पाणी पिण्याची जागा वेगळी. निसर्गाचे पाणी सर्वांचे, माणसाचे पाणी वाटून दिलेले. १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसांना हे चित्र कोणी समजावून सांगावे लागले नसते.

आणि बेचाळिसावा फलक. निघालेल्या लोकांची गाडी चुकावी म्हणून स्टेशनवरच पोलीस त्यांना घाऊक पकडताहेत. मला या मालिकेतला सर्वांत मोठा इतिहासाचा धडा इथे दिसतो. ज्या समाजाने काळ्या माणसाला पशूहून हीन मानले, तोच समाज त्याला जाऊ द्यायला मात्र तयार नव्हता! मजुरांच्या दलालांना त्याने तुरुंगात टाकले. कारण उघड आहे. ज्याच्या घामावर घर चालते तो निघून जाणे म्हणजे बंड. तलवार न उचलता केलेले बंड.

आपल्या वतनांची गोष्ट वेगळी कुठे होती? महार वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि शिळ्या भाकरीच्या बदल्यात चोवीस तासांची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ पासून या वतनाविरुद्ध कायदेमंडळात झगडा मांडला तो यासाठीच, की वतन ही मान म्हणून दिलेली बेडी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना जे सुनावले त्यामागे हाच अनुभव होता. ज्याला खेड्याने पाणी दिले नाही त्याने खेड्याच्या आठवणीने गहिवरावे, ही अपेक्षा करणारे लोक बहुधा विहिरीच्या अलीकडचे असतात.

६

लॉरेन्स मात्र उत्तरेला स्वर्ग म्हणत नाही. मालिकेचा उत्तरार्ध हा त्याच्या सचोटीचा पुरावा आहे. तिथे शाळा आहे : तीन मुली फळ्यावर आकडे लिहिताहेत. तिथे मतदान आहे. पण तिथे एका खोलीत ओळीने लावलेल्या खाटाही आहेत, क्षय आहे, काळ्यांनी नव्या वस्तीत घर घेतले म्हणून फेकलेले बाँब आहेत, १९१७ ची ईस्ट सेंट लुईसची दंगल आहे. एकोणपन्नासाव्या फलकात उपाहारगृह आहे. गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे, मधून पिवळा वळणावळणाचा दोर. भेदभाव इथेही भेटला, फक्त त्याचा पेहराव वेगळा होता, असे चित्रकार सांगतो.

हा ‘वेगळा पेहराव’ मुंबईने आपल्यालाही दाखवला. माझे वडील १९४६ मध्ये सातारा जिल्ह्यातून परळला आले. गावाचा विषय निघाला की ते एवढेच म्हणत, “तिथं आपलं काय ठेवलंय?” गिरणीत त्यांना काम मिळाले. पण विणकाम खात्यात पगार जास्त असूनही आपल्या माणसाला तिथे वर्षानुवर्षे मज्जाव होता, हे त्यांनीच मला सांगितले. तुटलेला धागा जोडताना थुंकीचा संबंध येतो, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे ठेवला होता. यंत्राला जात नव्हती. यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्याला होती. आणि बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत किती माणसे झोपत, हे लॉरेन्सच्या अठ्ठेचाळिसाव्या फलकासमोर उभे राहून मोजता येते.

त्रेपन्नाव्या फलकाकडे मात्र तुमचे-माझे, म्हणजे शिकलेल्यांचे, लक्ष वेधणे मला कर्तव्य वाटते. उंच टोपी घातलेला पुरुष, भारी वस्त्रांतली स्त्री. दोघेही काळे. उत्तरेत आधीपासून राहणाऱ्या, स्थिरावलेल्या काळ्या लोकांनी नव्याने आलेल्या आपल्याच खेडवळ भावंडांना तुच्छतेने वागवले, हे त्याने कोणाचीही भीड न ठेवता रंगवले. गोऱ्यांविरुद्धच्या फिर्यादीत आपल्याच माणसांचे दोषारोपपत्र कशाला, असे त्याला कोणी म्हटले असेलही. तो थांबला नाही. आपण आज कुठे उभे आहोत? नोकरी लागली, वसाहतीत घर झाले, मुले इंग्रजी शाळेत गेली, आणि वस्तीतून कोणी आले की दारातच बोलून वाटेला लावायचे, हे चित्र आपल्या ओळखीचे नाही काय? त्या फलकातली टोपी आपल्या डोक्यावर किती घट्ट बसली आहे, हे ज्याने त्याने आरशात पाहावे.

सत्तावन्नाव्या फलकात एक बाई कपडे धुण्याच्या मोठ्या हौदात काठी फिरवते आहे. स्त्रिया सर्वांत शेवटी उत्तरेला पोचल्या, असे तिथे म्हटले आहे. साऱ्या मालिकेत मानवी आकृती एवढ्या ठामपणे क्वचितच उभी राहते. लॉरेन्सची आई याच वर्गातली. आपल्या स्थलांतराच्या कथेतही पुरुष आधी येतो. मागे राहिलेली बाई गावची वेठ, सासूसासरे आणि पोरे सांभाळते आणि मग कधीतरी पत्र्याच्या पेटीसह दादर स्टेशनवर उतरते. तिची कथा अजून पुरती लिहिली गेलेली नाही.

७

१९४१ च्या नोव्हेंबरात ‘फॉर्च्यून’ या उद्योगपतींच्या मासिकाने यातील २६ चित्रे छापली. त्याच सुमारास एडिथ हॅल्पर्ट या बाईंच्या न्यूयॉर्कमधील कलादालनात मालिका मांडली गेली. दोन संग्रहालयांना ती हवी होती. १९४२ मध्ये तडजोड झाली : सम क्रमांकांची चित्रे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतली, विषम क्रमांकांची वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाने. प्रत्येकी एक हजार डॉलर. मुळात ‘एकच’ म्हणून रंगवलेले ते काम असे मधोमध वाटले गेले. दक्षिण सोडून विखुरलेल्या कुटुंबांसारखीच ही चित्रेही दोन शहरांत राहतात. १९९० च्या दशकात आणि पुन्हा २०१५ मध्ये ती काही काळ एकत्र आली. गौरव झाला, यात शंका नाही. पण शोषितांची कथा प्रस्थापितांच्या दालनात पोचते तेव्हा ती त्यांच्या सोयीने कापली जाते, ही गोष्ट आपल्या लेखकांनीही लक्षात ठेवावी.

प्रसिद्धीने कातडीचा रंग बदलत नाही. १९४३ मध्ये लॉरेन्स तटरक्षक दलात भरती झाला तेव्हा काळ्यांसाठी ठेवलेले वाढप्याचेच काम त्याला मिळाले. १९४६ मध्ये जोसेफ अल्बर्स यांनी त्याला नॉर्थ कॅरोलिनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला बोलावले. दक्षिणेत शिरताच नवराबायकोला काळ्यांच्या डब्यात बसावे लागू नये म्हणून अल्बर्सनी स्वतंत्र डबा घेतला. तरीही मुक्कामभर ते दोघे जवळच्या शहरात गेले नाहीत. ज्याने आगगाडीला मुक्तीचे चिन्ह म्हणून रंगवले त्यालाच उलट्या दिशेने जाताना असा बंद डबा लागला.

पुढे तो सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि ९ जून २००० रोजी तिथेच वारला. त्याआधी, १९९३ मध्ये, त्याने एक महत्त्वाचे काम केले. बावन्न वर्षांपूर्वीची वाक्ये त्याने पुन्हा लिहिली. मूळ शीर्षकातला ‘निग्रो’ शब्द गेला आणि ‘स्थलांतर मालिका’ एवढेच नाव राहिले. वाक्यांत ‘आफ्रिकन-अमेरिकन’ आले. चित्रांना त्याने हात लावला नाही. ‘हरिजन’ हा शब्द झिडकारून ‘दलित’ हा शब्द छातीवर घेणाऱ्या आणि आज त्याही शब्दाबद्दल वाद घालणाऱ्या आपल्या समाजाला याचा अर्थ कळेल. स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा आणि ते बदलण्याचा हक्क हीच अस्मितेची पहिली पायरी होय.

८

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटासाठी ठेवली आहे. ही मालिका रंगवली तेव्हा लॉरेन्सने दक्षिण पाहिलेलीच नव्हती. चित्रे पुरी झाल्यावर, लग्नानंतर, तो प्रथम तिकडे गेला. आईच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून आणि ग्रंथालयातल्या कागदांतून त्याने ती उभी केली. मग तो कुठला? दक्षिणेचा नव्हे, कारण तिथे तो राहिला नाही. उत्तरेचाही पुरता नव्हे, कारण तिने त्याला दोराच्या पलीकडे बसवले. त्याचे उत्तर साठ फलकांत आहे : आम्ही निघालेल्यांचे आहोत. आमचे आपलेपण मातीतून आलेले नाही. एकत्र निघण्यातून, एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून, एका कारणाने सोसलेल्या दुःखातून ते घडले आहे.

मुंबई-पुण्यात भाड्याने खोली शोधताना मला घरमालकांनी अनेकदा विचारले आहे, “मूळ गाव कुठलं?” हा भूगोलाचा प्रश्न नसतो. गावातून आळी आणि आळीतून जात काढायची असते. आपल्या कातडीवर जात दिसत नाही, म्हणून ती अशी वळसे घालून शोधली जाते; वर्ण आणि जात यांतला हा फरक विसरून दोन्ही समाज एकच आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काळ्याला लपता येत नाही. आपल्याला आडनाव बदलून लपता येते, आणि लपण्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. या प्रश्नाला लॉरेन्सच्या रीतीने उत्तर देता येते : आमचे मूळ गाव म्हणजे आम्ही जिथून उठलो ते ठिकाण नव्हे, आम्ही का उठलो, ते कारण.

हे कारण नोंदवून ठेवण्याची वेळ निघून चालली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, त्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. २०२१ पासून वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे काम सुरू झाले. १९७४ च्या दंगलीत पँथरच्या पोरांनी दगड आणि लाठ्या झेलल्या ते याच चाळींत. नवी घरे मिळोत, मोठी मिळोत. आमच्या माणसांनी कोंदट खोलीतच राहावे असे म्हणणारा मी नव्हे. पण भिंतीबरोबर भिंतीवरचा इतिहासही जातो. आपल्याकडे नागपूरचे सवी सावरकर अस्पृश्यता आणि देवदासी प्रथा रंगवतात. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे छायाचित्रांत धरले. ही वाट आहे, पण तिच्यावरून चालणारे थोडे आहेत. शोमबर्गचा संग्रह नसता तर लॉरेन्सची चित्रे झाली नसती, हेही विसरू नये.

म्हणून शिक्षक-विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विहारात एक कपाट मोकळे करा. गिरणीचे पास, मनीऑर्डरीच्या पावत्या, गावाहून आलेली पत्रे, बाबासाहेबांच्या सभेची पत्रके, चाळीच्या गॅलरीत काढलेले फोटो, जे मिळेल ते त्यात ठेवा, आणि कोणाचे, कुठले, कोणत्या साली, हे मागे लिहा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिला विचारा की गाव कोणत्या दिवशी सोडले, कोणत्या गाडीने आलात, बोचक्यात काय होते. तिची उत्तरे तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. आपल्यातला एखादा पोरगा किंवा पोरगी उद्या रंग हातात घेईल, तेव्हा त्यांना हे कपाट उघडे मिळाले पाहिजे.